पान कशासाठी उचलताय: क्रमासाठी की निकालासाठी?

मिनिएचर वॉरगेमचे, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या तुकड्या हलवून खेळायच्या लढाईचे, काही नियम ५२ पानांच्या कॅटसाठी लिहिलेले असतात आणि हाताशी असतो स्पॅनिश कॅट, टॅरो किंवा हानाफुदा (जपानी फुलापानांचे पत्ते). "हा चालेल का?" असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "न चालायला काय झालं, पानं ती पानं." दुसरं, "अठ्ठ्या-नव्व्याच नाहीत त्यात, कसा चालेल?" दोघंही एक गोष्ट विचारायची विसरतात: या खेळात कॅटचं काम काय? पुढची पाळी कोणाची हे ठरवायला पान उचलणं वेगळं, आणि गोळी लागली की नाही हे ठरवायला पान उचलणं वेगळं. पहिल्या कामात जो बदल कुणाच्या लक्षातही येत नाही, तोच दुसऱ्या कामात खेळाचं वाटोळं करतो.

क्रमाचं काम बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. लॅरी ब्रॉम यांच्या १९७९ च्या 'द सोर्ड अँड द फ्लेम' या वॉरगेममध्ये लाल पान निघालं की ब्रिटिशांची एक तुकडी हलते, काळं निघालं की समोरच्याची. पानावर राजा आहे की दुर्री, याला इथे काडीची किंमत नाही. फक्त दोन्ही बाजूंची पानं सारखी हवीत. स्पॅनिश कॅटमध्ये लाल-काळं नसतं, तर नाणी आणि पेले एकाचे, तलवारी आणि सोटे दुसऱ्याचे. प्रत्येकी २० पानं. हानाफुदावर आकडे नसतात, पण १२ महिन्यांची चार-चार पानं असतात. सहा महिने तुझे, सहा माझे. टॅरोतले २१ हुकूम आणि 'वेडा' नावाचं पान बाजूला काढा, उरलेली ५६ पानं बिनबोभाट चालतात.

क्रमाच्या कॅटमध्ये डोळ्यांत तेल घालून बघायचा तो फक्त जोकर. 'जोकर निघाला की फेरी संपली' असा नियम असेल, तर एक जोकर घातलेल्या ५२ पानांत त्याच्याआधी सरासरी २६ पानं निघतात. ४० पानांत २०, ३२ पानांच्या पिके कॅटमध्ये (सत्तीपासून एक्क्यापर्यंतचीच पानं) फक्त १६. म्हणजे बाजूला सरासरी १३ पाळ्या मिळायच्या तिथे ८ मिळणार आणि मागच्या तुकड्या खेळभर उभ्याच राहणार. उपाय सोपा आहे: दोन जोकर घाला आणि दुसरा निघाल्यावरच फेरी संपवा. ४० पानांत मग सरासरी २६-२७ पानं निघतात, जवळजवळ मूळ नियमाइतकीच. पहिल्याच पानावर फेरी गुंडाळली जाण्याचा प्रकारही बंद होतो. मला हे मूळ नियमापेक्षा बरं वाटतं. त्या धक्क्यातच मजा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकाच जोकरवर खेळावं आणि तुकड्या कमी घ्याव्यात.

आता निकालाचं काम. घोळ होतो तो इथेच.

समजा नियम असा आहे: बंदूकधाऱ्यांनी पान उचलायचं, १० किंवा वर आलं तर गोळी लागली. जवळून मारली तर +१, लक्ष्य उघड्यावर असेल तर आणखी +१. ५२ पानांत एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरले की १३ पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीवर सारखीच पानं. गोळी लागण्याची शक्यता ३१ टक्के. +१ मिळाला की ३८, +२ मिळाला की ४६. चांगली जागा पकडल्याचं फळ मिळतं.

तोच नियम ४० पानांच्या स्पॅनिश कॅटवर खेळा. त्यात १ ते ७ असतात आणि मग एकदम १०, ११, १२, म्हणजे प्यादा, घोडेस्वार आणि राजा. १० किंवा वर येण्याची शक्यता ३० टक्के. आकडा ओळखीचा दिसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. मग +१ मिळतो. आता ९ पुरे, पण नव्वी या कॅटमध्ये नाहीच. शक्यता ३० टक्के. +२ मिळतो, ८ पुरे. अठ्ठीही नाही. पुन्हा ३० टक्के! खेळाडू तुकडी अगदी शत्रूच्या तोंडाशी नेतो, तिथपर्यंत जाताना चार माणसं गमावतो, आणि त्या बदल्यात त्याला मिळतं शून्य. नियमांच्या पुस्तकात चूक नाही, नशिबाचाही दोष नाही. पानांवर छापलेल्या आकड्यांत खड्डा आहे आणि सगळे बोनस त्यात पडतायत.

"मग ५२ च्या कॅटमधून ८, ९, १० काढून टाकू, झाला स्पॅनिश" असं म्हणणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. गुलाम ११ च ठेवलात तर खड्डा आणखी एका पायरीने रुंद होतो.

खरा उपाय म्हणजे छापील आकडा विसरून पायऱ्या मोजणं. स्पॅनिश कॅटच्या पायऱ्या १०, तेव्हा प्यादा ८, घोडेस्वार ९, राजा १० धरा. मूळ नियमात १३ पैकी ४ पायऱ्या यशाच्या होत्या; १० मध्ये त्या ३ होतात, म्हणून '१० किंवा वर'च्या जागी '८ किंवा वर' लिहा. बोनसचं वजनही वाढतं हे विसरू नका: आधी एक पायरी ७.७ टक्क्यांची होती, आता १० टक्क्यांची. एखाद-दुसरा +१ असेल तर सोडून द्या, पण यादीत +४ असेल तर तो +३ करा. ३२ पानांच्या कॅटमध्ये आठच पायऱ्या, प्रत्येक साडेबारा टक्क्यांची, म्हणून +३ चा +२ करा. टॅरोच्या ५६ पानांत १४ पायऱ्या आहेत, तिथे फार बदलायचं काही नाही. फक्त २१ पर्यंतचे हुकूम त्याच गड्ड्यात ढकलू नका. १५ पासून वरची सात पानं सगळे तक्ते मोडतात.

पिनॉकल या पत्त्यांच्या खेळाच्या ४८ पानांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण त्यात ९ ते एक्का अशा सहाच पायऱ्या, प्रत्येकीची आठ-आठ पानं. पण सहा सारख्या पायऱ्या म्हणजे साधा फासाच की! फाशांवर चालणारे नियम पानांवर आणायचे असतील तर याहून चांगला कॅट नाही.

हानाफुदाही निकालासाठी उत्तम चालतो: १२ महिने म्हणजे १२ पायऱ्या, ८.३ टक्क्यांच्या. अडचण एवढीच की जानेवारीचा पाइन, मार्चची चेरी ही फुलापानांची यादी तोंडपाठ हवी, नाहीतर दर गोळीला चिठ्ठी बघावी लागते.

पानांच्या संख्येचा परिणाम निकालाच्या कॅटवरही होतो, पण वेगळ्या तऱ्हेने. चारही राजे निघून गेले की पुन्हा पिसेपर्यंत राजा येणार नाही, आणि हे लक्षात ठेवणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो. कॅट जितका लहान, तितका हा हिशोब सोपा आणि नशीब लवकर समपातळीवर येतं. दर पानानंतर पुन्हा पिसणाऱ्यांनी सरळ फासे टाकावेत. फाशांऐवजी पानांवर चालणाऱ्या मालिफोसारख्या वॉरगेममध्ये तर सहा पानं हातात धरून नको तो निकाल बदलता येतो. तिथे पानावरचं चिन्हही मोजलं जातं, लाल जोकर १४ आणि काळा ० असतो. कॅट बदलताना चार चिन्हं आणि दोन वेगळे ओळखू येणारे जोकर आधी नक्की करा, पायऱ्यांचं नंतर.

आणि गंजिफा, आपले जुने गोल पत्ते. मुघल गंजिफाची ९६ पानं म्हणजे आठ चिन्हं, प्रत्येकाची १२ पानं. क्रमासाठी चौघांना दोन-दोन चिन्हं वाटून देता येतात, जे ५२ पानांत प्रत्येकी एकावरच भागवावं लागतं. निकालासाठी १२ पायऱ्या आहेतच. निम्म्या चिन्हांत आकड्यांची उतरंड उलटी असते, तिथे एक्का दश्शीपेक्षा वरचढ. त्याने शक्यतेत काडीचा फरक पडत नाही, कारण प्रत्येक पायरीवर पानं तेवढीच राहतात. पण टेबलावर वाद मात्र हमखास होतात. म्हणून खेळाआधीच सगळी चिन्हं सुलट धरायची असं ठरवून टाका. पानं गोल असतात, नेहमीसारखी पिसायला गेलात तर हातातून निसटतात. पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवा आणि मग गड्डा लावा.