घर सोडलं, बोजा राहिला

मे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ३८ स्टुडिओज ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी बुडाली. तिची चर्चा बहुतेक वेळा सरकारच्या बुडालेल्या पैशांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण नोकरी गेल्यावर काही कर्मचाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळली. कंपनीच्या भरवशावर आपण मागे सोडून आलेलं घर विकलंच गेलेलं नव्हतं, आणि त्याचा हप्ता आता पुन्हा आपल्यालाच भरावा लागणार होता. ही वेळ त्यांच्यावर का आली, हे समजण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे बदली झाली की क्वार्टर मिळतं किंवा भाड्याने जागा घेतली जाते, आणि स्वतःचं घर जागच्या जागी राहतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत मोठ्या कंपन्या आपली माणसं देशभर हलवू लागल्या (आयबीएम या संगणक कंपनीच्या अद्याक्षरांचा अर्थ ‘आय हॅव बीन मूव्ह्ड’, म्हणजे ‘माझी बदली झाली’, असा लोक लावत), तेव्हा त्या माणसांच्या नावावर गृहकर्जावर घेतलेली घरं होती. जुनं घर विकलं जाईपर्यंत दोन घरांचे हप्ते कोण भरणार, या काळजीने लोक बदली नाकारत. त्यामुळे घर विकून देण्याची जबाबदारी कंपन्यांनी घेतली आणि त्यातून एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. १९६४ मध्ये या क्षेत्राची, पुढे ‘एम्प्लॉयी रिलोकेशन कौन्सिल’ म्हणून ओळखली गेलेली, संघटना स्थापन झाली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने एक निर्णय दिला आणि २००५ मध्ये तो आणखी स्पष्ट केला. त्याचा आशय असा, की कर्मचाऱ्याने घर आधी कंपनीला विकलं आणि कंपनीने ते नंतर बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकलं, असे दोन खरे वेगळे व्यवहार असतील, तर कंपनीने केलेला विक्रीचा खर्च कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जाणार नाही.

प्रत्यक्षात हे काम स्थलांतराची व्यवस्था पाहणारी मध्यस्थ कंपनी करते. ती घराची किंमत ठरवून घेते, करार करते, कर्जाची रक्कम वजा जाता उरलेले पैसे कर्मचाऱ्याला देते आणि घराचा ताबा घेते. कर्मचारी खरेदीखतावर सही करतो, पण हस्तांतराचा कर दोनदा भरावा लागू नये म्हणून घेणाऱ्याच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरीच ठेवतात. खरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत कर्जही कर्मचाऱ्याच्याच नावावर राहतं. मध्यस्थ हप्ते भरत राहतो, पण अनेक करारांत ते पैसे मालक कंपनीकडून आलेले असतात. म्हणजे कराच्या हिशेबात घर विकलेलं असतं आणि बँकेच्या वहीत बोजा उतरलेला नसतो. कंपनी धडधाकट असेल तर या फटीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

३८ स्टुडिओज धडधाकट नव्हती. बेसबॉलपटू कर्ट शिलिंग यांनी २००६ मध्ये ती मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी सुरू केली होती, आणि ३८ हा त्यांच्या जर्सीचा आकडा. एक प्रचंड ऑनलाइन गेम बनवायचा होता आणि त्यासाठी भांडवल पुरत नव्हतं. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये तेव्हा बेकारी ११ टक्क्यांच्या वर होती. गव्हर्नर डोनाल्ड कार्चिएरी यांच्या कारकिर्दीत, २०१० मध्ये, राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने रोखे विकून कंपनीसाठी साडेसात कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. अट अशी की कंपनीने राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्सला यायचं आणि २०१२ संपेपर्यंत ४५० नोकऱ्या आणायच्या. २०११ च्या वसंतात स्टुडिओ हलला.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे स्थलांतर कर्मचाऱ्यांच्या हौसेखातर नव्हतं. ती कर्जाचीच अट होती, आणि माणसांनी बिऱ्हाडं हलवली म्हणून ती पाळली गेली. शिवाय काळ घरांच्या किमती कोसळल्यानंतरचा. गिऱ्हाईक मिळत नव्हतं, मिळालं तर कर्ज फिटेल एवढी किंमत येईल याची खात्री नव्हती. अशा दिवसांत ‘जुन्या घराचं आम्ही बघतो’ हा शब्द मोलाचा होता. लोकांनी तो धरला आणि ते निघाले.

१ मे २०१२ ला राज्याला द्यायचा ११ लाख २५ हजार डॉलरचा हप्ता चुकला. कंपनी तगवायची आहे असं नवे गव्हर्नर लिंकन चेफी १४ मे रोजी जाहीरपणे म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी पगार झाला नाही. लोक तरीही कामावर येत राहिले. २४ मे रोजी प्रॉव्हिडन्स आणि मेरीलँड राज्यातला कंपनीचा दुसरा स्टुडिओ मिळून ३७९ जणांना ईमेलने कामावरून काढलं गेलं. आरोग्य विमाही गेला. त्याच सुमारास मूव्हट्रेक मोबिलिटी या मध्यस्थ कंपनीकडून काहींना कळवण्यात आलं की घर विकलेलं नाही, ३८ स्टुडिओजने पैसे देणं थांबवलं आहे, तेव्हा हप्त्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पगार नाही, नव्या गावी राहण्याचा खर्च चालूच, आणि वर जुन्या घराचं कर्ज.

जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. देणी सुमारे १५ कोटी डॉलर, मालमत्ता सव्वादोन कोटींच्या आत. कायद्यात घेणेकऱ्यांची रांग ठरलेली असते. तारण असलेला पुढे, आणि इथे ते तारण राज्याकडे होतं. थकलेल्या पगाराला त्यानंतर काही मर्यादेपर्यंत प्राधान्य आहे. घर विकून देण्याच्या शब्दाला तसं प्राधान्य नाही, तो शेवटच्या साध्या देण्यांत जातो. महामंडळाचे रोखे घेणाऱ्यांचं मात्र बुडालं नाही. पुढची परतफेड राज्याच्या अर्थसंकल्पातून झाली. कायद्याने राज्यावर तशी सक्ती नव्हती, पण पैसे थकवले तर राज्याची पत घसरेल ही भीती होती. राज्याने बँका, वकील, सल्लागार आणि कंपनीच्या चालकांवर दावे लावले आणि तडजोडींतून सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर वसूल केले.

कर्मचाऱ्यांना पहिले पैसे दिसायला २०२१ उजाडलं. नऊ वर्षांनी हाती येणार होता तो थकलेल्या शेवटच्या पगाराचा १४ ते २० टक्के भाग.