प्रेस तापत का नव्हती, आणि ओमच्या आठ तारा

मे महिन्यात नागपुरात रात्री नऊच्या सुमाराला गल्लीतले सगळे कूलर एकदम चालू असतात, अशाच एका रात्री महाल भागातल्या आमच्या घरी आई म्हणाली, "काहून रे, ही प्रेस तापूनच नाही राहिली." प्रेस म्हणजे कपड्यांची इस्त्री, १००० वॉटची. मी क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) काढला, एक्स्टेन्शन बोर्डाची फेजची वायर सुटी करून तेवढीच क्लॅम्पमधे घेतली (दोन्ही वायर एकत्र घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो, जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला खोडतात), तर ३.८ अँपिअर. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, करंटला होणारा अडथळा, तो ओममधे मोजतात. २३० भागिले ३.८ म्हणजे ६०.५ ओम. १००० वॉटच्या प्रेसचा रेझिस्टन्स ५३ च्या आसपास यायला पाहिजे, म्हणून वाटलं की एलिमेंट खराब झालं, उद्या बर्डीच्या बाजारातून नवीन आणू.

चूक त्या २३० मधे होती. तो आकडा मी मोजलाच नव्हता, नुसता धरून चाललो होतो. प्रेस चालू ठेवून सॉकेटवर मोजलं तर २०० व्होल्ट, गल्लीतल्या कूलरांनी व्होल्टेज खाली ओढलं होतं. २०० भागिले ३.८ म्हणजे ५२.६ ओम, प्रेस ठणठणीत. आणि २०० गुणिले ३.८ म्हणजे ७६० वॉट, मग तापणार कशी?

नंतर वाचताना कळलं की ज्याच्या नावाने हा ओमचा नियम आहे तो जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम पण सुरुवातीला याच जागी, व्होल्टेज कायम धरून, अडकला होता, आणि तेव्हापासून हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

ओमच्याही आधी एकाला व्होल्टेज आणि करंटचा हा संबंध सापडला होता. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश, १७८१ च्या सुमाराला. करंट मोजायचं यंत्रच नव्हतं तेव्हा, तर तो स्वतःच्या अंगाला शॉक घेऊन, मिठाच्या पाण्याच्या कोणत्या नळीतून जास्त जोराचा बसतो ते ठरवायचा. हे त्याने छापलंच नाही, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७९ मधे त्याचे कागद बाहेर काढले तेव्हा जगाला कळलं. १८०० मधे व्होल्टाची बॅटरी आली आणि पहिल्यांदा सतत वाहणारा करंट हातात आला. मग १८२० मधे ओर्स्टेडला दिसलं की करंटच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, म्हणजे आता मोजायलाही काहीतरी मिळालं.

ओम जर्मनीतल्या कोलोनला शाळेत शिकवायचा. बाप कुलूपं बनवणारा कारागीर, त्यामुळे पोराच्या हातात काम होतं, उपकरणं स्वतःच बनवायचा. १८२५ मधे त्याने तारेची लांबी आणि करंट यांचा संबंध छापला आणि तो चुकीचा निघाला, कारण त्या वेळच्या बॅटरीचा जोर (म्हणजे व्होल्टेज) प्रयोग चालू असतानाच उतरत जायचा आणि तो उतार त्याच्या आकड्यांत मिसळून जायचा. पोगेनडॉर्फ या दुसऱ्या शास्त्रज्ञाने सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल घे. झेबेकने काही वर्षांआधीच दाखवलं होतं की दोन धातूंचा एक जोड गरम आणि दुसरा थंड ठेवला की करंट वाहतो. ओमने बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ शिल्लक आहे तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. किती साधी आणि किती पक्की युक्ती!

मग आठ तांब्याच्या तारा, २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडायची आणि टांगलेली चुंबकसुई किती पीळ दिला की जागेवर परत येते ते लिहून घ्यायचं. यातून निघालं की तारेची लांबी अधिक बाकी सर्किटचा ठरलेला वाटा, याने जोराला भागलं की करंट मिळतो. १८२७ मधे पुस्तक आलं. जर्मनीत स्वागत थंडच झालं, कोलोनची नोकरीही त्याने सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मधे कॉप्ले पदक दिलं, आणि म्युनिकला फिजिक्सचा प्रोफेसर झाला तो १८५२ मधे, मरणाच्या दोनच वर्षं आधी.

पॉवरचं गणित वेगळ्या वाटेने आलं. जूल हा इंग्लंडातल्या बिअर बनवणाऱ्या घरातला. १८४० मधे त्याने तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून थर्मामीटर लावला, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाढते हे दाखवलं. प्रेस तापते ती याच नियमाने. ओम, व्होल्ट, अँपिअर ही नावं १८८१ च्या पॅरिस परिषदेत पक्की झाली, वॉट हे नाव विल्यम सीमेन्सने १८८२ मधे सुचवलं.

पण ओम आणि जूल दोघांचाही करंट एकाच दिशेने वाहणारा होता, आपल्या घरातला सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो. प्रेस, गीझरला त्याने फरक पडत नाही. कूलरच्या मोटरला पडतो, तिथे व्होल्टेज भागिले करंट केलं तर नुसता रेझिस्टन्स नाही, इम्पिडन्स (उलटसुलट करंटला होणारा एकूण अडथळा) मिळतो, हा शब्द हेविसाइडने १८८६ मधे आणला. म्हणून २३० व्होल्टवर कूलर १ अँपिअर घेत असेल तर थेट २३० वॉट लिहू नका, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खरा वॉटचा वाटा) ०.८ असला तर खरे वॉट १८४, आणि घरच्या मीटरवर युनिट पडतात ते या १८४ चेच.