प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण

एमबीबीएसचे विद्यार्थी आणि आंतरवासी (इंटर्न) डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या ग्रामीण अथवा नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्रात रुग्ण तपासतात. त्यांच्या कामावर अनुभवी डॉक्टरने देखरेख ठेवणे, त्यांना शिकवणे आणि त्यांच्या प्रत्येक निर्णयाची जबाबदारी स्वतः घेणे, याला पर्यवेक्षण म्हणतात. रुग्णालयातील वॉर्डात निदान बहुधा आधीच झालेले असते आणि विद्यार्थी ते समजून घेतो. केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र रुग्ण निदानाशिवाय येतो, पाचदहा मिनिटांत जातो आणि पुन्हा येईलच याची खात्री नसते. त्यामुळे येथील चूक नंतरच्या राउंडमध्ये सापडत नाही. रुग्ण दाराबाहेर पडण्याआधीच ती पकडावी लागते.

भारतात ही कल्पना नवी नाही. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते. 1975 च्या श्रीवास्तव समितीनंतर 1977 मध्ये ‘रोम’ (वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण आरोग्याकडे वळवणारी) योजना आली आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रे सोपवण्यात आली. गाड्या आल्या, फलक लागले. पण तेथे विद्यार्थ्याला शिकवणार कोण, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने (स्थापना 1969) गाव दत्तक घेऊन तेथे शिबिरे भरवण्याची पद्धत रुजवली. 2019 पासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. पुढे आलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षापासून तीन ते पाच कुटुंबे असतात. 2021 च्या नियमांनुसार बारा महिन्यांच्या आंतरवासितेतील 12 आठवडे सामुदायिक वैद्यकासाठी आहेत.

पर्यवेक्षक दोन प्रकारचे असतात: केंद्राचा वैद्यकीय अधिकारी आणि महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागाचा शिक्षक. सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगरी वा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याला ओपीडीसोबत प्रसूती, लसीकरण, बैठका आणि अहवालही सांभाळावे लागतात. शिकवणे हे त्याच्या कामाच्या यादीत असलेच, तर शेवटी असते. महाविद्यालयाच्या शिक्षकाकडे वेळ असतो, पण तो रोज केंद्रावर नसतो. म्हणून पोस्टिंग सुरू होण्यापूर्वीच, कोणत्या दिवशी कोण जबाबदार आणि तो रजेवर असेल तर कोण, हे नावानिशी लिहून केंद्रात लावावे. हे ठरलेले नसेल तर विद्यार्थी फार्मसीच्या खिडकीत गोळ्या मोजत बसतात.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. आंतरवासीची नोंदणी तात्पुरती असते आणि त्याने स्वतंत्रपणे काम करायचे नसते. आजारपणाचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा वैद्यकीय-न्यायिक कागद त्याने स्वतःच्या सहीने द्यायचा नसतो. विषबाधा, मारहाण, जळित अशा प्रकरणांत विद्यार्थ्याने पाहावे, मदत करावी, पण नोंद अधिकाऱ्याने घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर आढळली तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही गोष्ट विद्यार्थ्याला एएनसी (गरोदर स्त्रियांच्या तपासणीच्या) ओपीडीत बसण्याआधीच सांगून ठेवावी, कारण तशी मुलगी समोर आल्यावर समजावत बसायला वेळ नसतो.

विद्यार्थ्याला किती मोकळीक द्यायची हे त्याच्या वर्षावर ठरवू नये. समोरचे काम आणि त्याची त्या कामातली तयारी पाहून ठरवावे. पहिल्या पायरीवर दोघे एकाच टेबलावर बसतात, विद्यार्थी बोलतो आणि पर्यवेक्षक पाहतो. दुसऱ्या पायरीवर विद्यार्थी शेजारच्या खोलीत तपासतो, पण प्रत्येक रुग्ण केसपेपर घेऊन पर्यवेक्षकाकडे येतो आणि सही झाल्याशिवाय औषध मिळत नाही. तिसऱ्या पायरीवर पर्यवेक्षक त्याच इमारतीत असतो आणि ठरलेले रुग्णच पुन्हा पाहतो. ही पायरी फक्त आंतरवासींसाठी. तिथेही पाच वर्षांखालील तापाचे मूल, गरोदर स्त्री, छातीत दुखणे आणि सर्पदंश-विंचूदंश हे रुग्ण नेहमी पुन्हा पाहायचे. खरखरीत त्वचेच्या नायट्यावर छान उपचार करणारा आंतरवासी पाहून त्याला सगळ्याच रुग्णांसाठी वरच्या पायरीवर नेणे, ही पर्यवेक्षकांची नेहमीची चूक आहे.

ऐंशी रुग्णांच्या ओपीडीत प्रत्येक रुग्णावर चर्चा करता येत नाही आणि तसा प्रयत्न केला तर अकरा वाजता रांगेत कुरबूर सुरू होते. सोपा मार्ग असा: एका पर्यवेक्षकामागे दोन, फार तर तीन विद्यार्थी. प्रत्येकाला तीन-चार रुग्ण निवडून द्यावेत, बाकीचे अधिकाऱ्याने नेहमीच्या वेगाने पाहावेत. नोंदणीच्या टेबलावरील सिस्टरला सकाळीच सांगितले तर ती योग्य रुग्ण वेगळे बसवते. त्या तीन-चारांत एक जुना मधुमेह किंवा रक्तदाबाचा, एक मूल आणि एक कोरा, नवी तक्रार घेऊन आलेला रुग्ण असावा.

चर्चेसाठी पाच टप्प्यांची एक पद्धत 1992 मध्ये अमेरिकेतील कौटुंबिक वैद्यकाच्या शिक्षकांनी मांडली. भारतीय ओपीडीतही ती चालते, कारण तिला पाच मिनिटे पुरतात. समजा विद्यार्थी सांगतो, दीड वर्षाचे मूल, तीन दिवस खोकला आणि ताप. पर्यवेक्षकाने लगेच निदान सांगू नये. आधी विचारावे, “तुला काय वाटतं?” तो म्हणतो, साधा सर्दी-खोकला. मग, “कशावरून?” तेव्हा कळते की श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणले होते आणि मूल रडत होते. इथे एकच नियम शिकवावा: मूल आईच्या मांडीवर शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे, दोन महिन्यांखाली 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. मग जे नीट केले ते नेमके सांगावे (“पिता येतंय का, झटके आले का, हे तू आपणहून विचारलंस”) आणि जे चुकले ते सुधारायला त्याला पुन्हा त्याच मुलाकडे पाठवावे. घाईत पर्यवेक्षक पहिले दोन प्रश्न गाळून थेट न्यूमोनियावर व्याख्यान देतो. त्यात विद्यार्थ्याचा विचार कुठे घसरला हे समजतच नाही.

सांगितलेल्यावर विश्वास ठेवणे आणि प्रत्यक्ष पाहणे यांत मोठे अंतर आहे. रक्तदाब 150/96 असे केसपेपरवर लिहिलेले असते, पण रुग्ण चालत येऊन लगेच बसलेला, हात लोंबता, कफ शर्टाच्या बाहीवर. पर्यवेक्षकाने आठवड्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याचे एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता पाहावे. रक्तदाबासाठी पाच मिनिटे विश्रांती, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, योग्य मापाचा कफ, सेकंदाला सुमारे 2 मिमी वेगाने हवा सोडणे आणि एक-दोन मिनिटांनी दुसरे मोजमाप हे पाहायचे. लसीकरणात बीसीजी या क्षयरोगाच्या लसीची मात्रा (महिन्याखालील बाळाला 0.05 मिली, त्यानंतर 0.1 मिली), त्वचेतच दिली की खाली गेली, आणि विरघळवलेली कुपी चार तासांनी फेकली का. गरोदर स्त्रीचे पोट तपासणे बहुतेक ठिकाणी अनुभवी आरोग्य सेविका अधिकाऱ्यापेक्षा चांगले शिकवते. तिला तसा अधिकार सर्वांदेखत द्यावा, नाहीतर भावी डॉक्टर तिचे ऐकत नाहीत.

भाषेची अडचण महाराष्ट्रात खास जाणवते. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या विद्यार्थ्याला “अंगावरून जातंय”, “कळ येते”, “गरगरतंय”, “पायाला मुंग्या येतात” हे पहिल्या आठवड्यात उलगडत नाही, आणि लाजेने तो “दुखतं का?” एवढेच विचारून मोकळा होतो. त्याला सुरुवातीला मराठी सहकाऱ्यासोबत बसवावे. मात्र सहकाऱ्याने दुभाष्या होऊन सगळे स्वतःच विचारू नये. रुग्णालाही आधी सांगायचे: हे शिकणारे डॉक्टर आहेत, आधी हे बघतील, मग मी, चालेल ना, आजी? नको म्हटले तर वाद घालायचा नाही. स्त्रीच्या तपासणीत स्त्री कर्मचारी खोलीत हवीच. रुग्णासमोर त्याच्याबद्दल इंग्रजीत चर्चा केली की तो घाबरतो आणि बाहेर जाऊन आशाताईला विचारतो की मला काय झालंय.

कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात दंशाचे रुग्ण ही शिकण्याची मोठी संधी आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचे काम डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णांवर केले. असे रुग्ण पुस्तकापेक्षा केंद्रात जास्त दिसतात. पण रात्री अकराला आलेल्या रुग्णाजवळ एकटा आंतरवासी असणे हे शिक्षण नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. फोनवर पर्यवेक्षण चालते ते रुग्ण स्थिर असेपर्यंतच.

सर्वांत जास्त बिघडते ती लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाची नोंदवही. त्यातली प्रत्येक नोंद “पाहिले”, “मदत केली” की “स्वतः केले” हे सांगायला हवी आणि त्याच दिवशी तिच्यावर सही व्हायला हवी. प्रत्यक्षात शेवटच्या दिवशी तीस पाने एका शाईत भरली जातात आणि एका बैठकीत सह्या होतात. याचे कारण केवळ आळस नाही. आंतरवासितेच्या वर्षातच पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी असते, ग्रामीण पोस्टिंग हा अभ्यासाचा मोकळा काळ समजला जातो, आणि हजेरीवर कोणी बोट ठेवले की तोच वाईट ठरतो. उपाय अर्धवटच आहेत. दुपारचे दोन तास अभ्यासाला उघडपणे द्यावेत आणि सकाळची ओपीडी मात्र सक्तीची ठेवावी, ही तडजोड सहसा टिकते. सहीच्या शेजारी पर्यवेक्षकाने एक वाक्य लिहिण्याची अट घातली तर घाऊक सह्या थांबतात, कारण एका बैठकीत तीस वाक्ये सुचत नाहीत.

सुईची जखम झाल्यास काय करायचे हे पहिल्याच दिवशी दाखवावे: जागा साबण-पाण्याने धुवायची, लपवायचे नाही, लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावे लागते. केंद्रात ते कोणत्या कपाटात आहे, चावी कोणाकडे असते आणि नसेल तर जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असावे.