हेलिकॉप्टर हवेत नुसतं उभं करायला इतकं अवघड का जातं?

रिमोटचं हेलिकॉप्टर मी पहिल्यांदा हॉलमध्ये उडवलं तेव्हा ते वीतभर वर गेलं, डावीकडे सरकलं आणि थेट पडद्यात घुसलं. मला वाटलं पीसच डिफेक्टिव्ह आहे, परत द्यायला बॉक्समध्ये भरूनही ठेवलं होतं. नंतर कळलं की एक मोठा पंखा आणि शेपटीला छोटा पंखा असलेलं कुठलंही हेलिकॉप्टर असंच वागतं.

होतं काय, की मोठा पंखा (बहुतेक मॉडेल्समध्ये वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने) फिरतो तेव्हा बॉडी उलटी फिरायला बघते, ते थांबवायला शेपटीचा पंखा बाजूला जोर लावतो, आणि त्या जोराने बॉडी फिरायची थांबते खरी पण अख्खं हेलिकॉप्टर डावीकडे ढकललं जातं. त्यामुळे ते स्थिर उभं असतं तेव्हाही उजवीकडे किंचित कललेलं असतं. एकावर एक दोन पंखे उलटसुलट फिरणारी खेळणी मिळतात ना, त्यांना ही कटकट नाही, म्हणून शिकायला ती सोपी.

पण खरी गोची वेगळीच आहे. गाडीचं स्टिअरिंग सरळ केलं की गाडी सरळ जाते, तसं इथे धरून चाललो की संपलं. रिमोटवरची स्टिक ढकलली की हेलिकॉप्टर कलतं, आणि कललं की त्या बाजूला वेग घ्यायला लागतं, स्टिक मधे आणली तरी कल तसाच राहतो आणि वेग वाढतच जातो! म्हणजे आधी उलटी स्टिक देऊन कल काढायचा, मग साठलेला वेग मारायला अजून थोडं उलटं कलवायचं, आणि ते थांबायच्या जरा आधीच पुन्हा सरळ करायचं. नवखा माणूस हेलिकॉप्टर लांब गेलेलं दिसल्यावर घाबरून स्टिक देतो, तोवर उशीर झालेला असतो, मग जास्त देतो, मग ते झोका घेतल्यासारखं दुसऱ्या बाजूला जातं आणि दोनतीन झोक्यांत भिंत. तळहातावर काठी उभी धरताना आपण काठीच्या टोकाकडे बघतो आणि ती कलायला लागली की लगेच हात हलवतो, अगदी तसंच. कुठे गेलंय ते बघायचं नाही, कललंय किती ते बघायचं, आणि स्टिकला टिचक्या द्यायच्या, धरून ठेवायची नाही.

हल्लीच्या स्वस्त मॉडेल्समध्ये जायरो (कल ओळखून सावरणारा सेन्सर) असतो, स्टिक सोडली की ते आपोआप सरळ होतं. तरी तरंगत जातंच, कारण साध्या जायरोला कल कळतो पण आपण खोलीत कुठे आहोत ते त्याला कुठून कळणार! जायरो नव्हते तेव्हा पंख्यावर टोकांना वजन असलेला एक आडवा दांडा असायचा, अजूनही बऱ्याच खेळण्यांत दिसतो. फिरणारा दांडा भोवऱ्यासारखा आपली पातळी सोडत नाही, बॉडी कलली की तो जोडदांड्यांतून पात्यांचा कोन बदलतो आणि कलणं मंदावतं. अमेरिकेत आर्थर यंग यांनी असा दांडा आधी छोट्या मॉडेल्सवर वर्षानुवर्षं मोडतोड करत जमवला, 1941 मध्ये ते मॉडेल घेऊन बेल या विमान कंपनीत गेले, आणि त्यातूनच पुढे 1946 मध्ये नागरी वापराचा परवाना मिळालेलं बेल 47 हेलिकॉप्टर आलं. म्हणजे खेळण्यातला दांडा खऱ्या हेलिकॉप्टरवरून घेतलाय असं वाटतं, पण मुळात तो खेळण्यावरूनच तिकडे गेला.

अजून एक चूक मी महिनाभर केली. भीतीने जमिनीलगत उडवत होतो. पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत खाली ढकललेल्या हवेला निसटायला वाव कमी मिळतो, मग हेलिकॉप्टर गादीवर ठेवल्यासारखं घसरत राहतं, त्यात त्याचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला की आडवं, पातं गेलं. कमरेइतकं वर न्या, तिथे खूपच शहाण्यासारखं वागतं. पायांखाली चार काड्यांचा फुली आकार बांधून टोकांना टेबल टेनिसचे बॉल लावायचे, दिसतं विनोदी पण उलटणं वाचतं. आणि शेपटी कायम आपल्याकडे!

कारण तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि डोकं बंद पडतं. त्यावर एक युक्ती आहे, जी बाजू खाली झुकेल तिच्याकडेच स्टिक न्यायची, जणू खालून टेकू देतोय. वाचायला सोपी आहे. मी सध्या तिथेच अडकलोय, आणि एका बॅटरीत पाच-सहा मिनिटंच मिळतात.