परस्पर संमतीने घटस्फोट : पुण्यात अर्ज करण्याआधी

नोटरीसमोर स्टँप पेपरवर 'आम्ही विभक्त झालो' असं लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी घटस्फोट होत नाही. तो कागद हातात धरून दुसऱ्या लग्नाला उभी राहणारी माणसं अजूनही भेटतात, म्हणून हे सगळ्यात आधी. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 ब प्रमाणे घटस्फोट फक्त न्यायालयच देतं. पुणेकरांसाठी ते म्हणजे शिवाजीनगरचं कौटुंबिक न्यायालय. लग्नच विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने (कोर्ट मॅरेज) झालं असेल, तर त्या कायद्याचं कलम 28 लागतं.

लग्न पुण्यात झालं असेल, दोघं शेवटी एकत्र इथे राहिले असतील किंवा पत्नी सध्या इथे राहत असेल, तर अर्ज इथे चालतो. अट एकच, पण महत्त्वाची : किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका फ्लॅटमध्ये राहूनही नवरा-बायको म्हणून संसार नसेल, तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटलं आहे.

कागद फारसे नाहीत. विवाह नोंदणीचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि लग्नातला फोटो), दोघांची आधार कार्डं, पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट फोटो.

खरा वेळ द्यायचा तो संमतीच्या अटींना. पोटगी एकरकमी की दरमहा, स्त्रीधन कधी परत, मुलं कोणाकडे, सुट्ट्यांत भेट कशी, हे तारखांसकट लिहा. 'आपसात ठरवू' हे वाक्य दिसलं की खोडा. आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. आणि फ्लॅट! कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर तुमच्या अटी बँकेला बांधत नाहीत. बँकेशी आधी बोला.

अर्जानंतर समुपदेशकांकडे बोलावतात. कायद्याने सहा महिने थांबायचं असतं. मात्र वेगळं राहून दीड वर्ष होऊन गेलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि सगळ्या अटी ठरलेल्या असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे ही मुदत माफ करण्याचा अर्ज देता येतो. माफी द्यायची की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. हुकूमनामा (न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे सगळी रक्कम आधीच देऊन मोकळं होऊ नका.

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगी लागते. ती बहुधा मिळते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

निकालानंतर हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. पासपोर्टपासून सोसायटीपर्यंत सगळे तीच मागतात.