एकाच बेटावर दोन देश, आणि मधून गेलेला समुद्र

हिस्पॅनिओला बेटाचा उपग्रहातून टिपलेला तो फोटो परवा पुन्हा फिरत आला. मध्ये उभी सरहद्द, डावीकडे उघडीबोडकी हैती, उजवीकडे हिरवंगार डोमिनिकन प्रजासत्ताक. खाली मजकूर : 'बेट एक, माती एक, फरक फक्त माणसांचा!'

हे खरं नाही. इथे पाऊस आणणारे वारे ईशान्येकडून येतात. वाटेत 3,000 मीटरहून उंच पिको दुआर्ते आणि त्याची रांग उभी आहे, त्यामुळे हैतीचा बराच भाग पर्जन्यछायेत जातो. शिवाय इतिहास. 1697च्या तहानंतर पश्चिम भाग फ्रेंचांकडे गेला आणि त्यांनी तिथे गुलामांच्या कष्टावर उसाचे मळे उभे केले. त्याच गुलामांनी बंड करून 1804मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, तर 1825मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली. जंगल का गेलं, याचं उत्तर शोधताना हे सगळं हिशेबात धरावंच लागतं.

मला मात्र त्या फोटोत आणखी एक रेघ दिसते. ती आडवी आहे. हैतीच्या पोर्तोप्रिन्सच्या आखातापासून निघून, सरहद्द ओलांडून थेट डोमिनिकन किनाऱ्यापर्यंत जाणारी दरी. तिच्यात एन्रिकिओ नावाचं खारं सरोवर आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या तीस-चाळीस मीटर खाली! आजूबाजूला निवडुंग, पाण्यात मगरी, आणि काठावरच्या रुक्ष उतारांवर चक्क प्रवाळ. जागच्या जागी वाढलेले, शाखांसकट शाबूत.

हिमयुग संपल्यावर समुद्र चढला आणि या दरीत शिरला. सुमारे नऊ ते पाच हजार वर्षांपूर्वी इथे प्रवाळ वाढत होते. मग पूर्वेच्या तोंडाशी नदीने गाळ टाकून दार बंद केलं. आत अडकलेलं पाणी उन्हाने आटत गेलं आणि प्रवाळ उघडे पडले. पुढे बेटाच्या मूळ रहिवाशांनी, तैनोंनी, त्याच प्रवाळ-खडकात चेहरे कोरले. ते आजही दिसतात.

पण दरी इतकी खोल कशी? शाळेत आपण खचदरी शिकतो : पृथ्वीचं कवच ताणलं जातं, दोन्ही बाजूंना भ्रंश, म्हणजे खडक सरकवणाऱ्या भेगा, पडतात, मधला भाग खचतो. इथे नेमकं उलटं आहे. ही दरी ताणाने नाही, दाबाने झाली. कॅरिबियन भूपट्ट उत्तर अमेरिकन भूपट्टाच्या तुलनेत वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर पूर्वेकडे सरकतो, पण सरळ घासत नाही, जरा तिरका रेटत जातो. त्या गतीचे दोन भाग पडतात. आडवं सरकणं उभ्या भ्रंशांवर होतं. उरलेला दाब उत्तरेची नेयबा आणि दक्षिणेची बाओरुको या रांगांना कलत्या भ्रंशांवरून वर चढवत दरीच्या कडांवर आणतो. दोन्हीकडून डोंगर अंगावर येतात, त्यांच्या भाराने मधला पट्टा खाली दबतो.

12 जानेवारी 2010च्या हैतीतल्या भूकंपात या गतीचे हे दोन्ही भाग दिसले. जमीन आडवी सरकलीच, पण लेओगानजवळचा किनारा वरही उचलला गेला आणि काही ठिकाणी जिवंत प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेले. प्रवाळ किती उघडा पडला हे मोजूनच संशोधकांनी किनारा किती उचलला ते काढलं. त्याच आठवड्यात अमेरिकेतला एक धर्मोपदेशक टीव्हीवर सांगत होता, की हैतीच्या लोकांनी सैतानाशी करार केला म्हणून हा कोप झाला. ढिगाऱ्याखाली माणसं असताना असं बोलणं अज्ञान तर आहेच, क्रूरही आहे. याच भ्रंशपट्ट्यात 1751 आणि 1770मध्येही मोठे भूकंप झाले होते. तेव्हा तर हैती हा देशच नव्हता.

2004नंतरच्या दहाएक वर्षांत एन्रिकिओ सरोवर पसरून जवळपास दुप्पट झालं. शेतं बुडाली, बोका दे काचोन हे गाव दुसरीकडे वसवावं लागलं. त्याच काळात हैतीच्या बाजूचं अझुएई सरोवरही चढलं, आणि दोन देशांना जोडणारा रस्ता पाण्याखाली गेला.