फट कुठे आहे ते पाहा: बुडाकडून भरायच्या बंदुकांच्या मॉडेल संचासोबतचं माहितीपत्रक

नमस्कार.

तुम्ही उघडलेल्या खोक्यात पाच मॉडेलं आहेत: फर्ग्युसन, ड्रायझ, शास्पो, स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री. पाचही मूळ मापाची, पण प्रत्येक बंदुकीचा फक्त बुडाकडचा वीत-दीड वीत भाग, तोही उभा चिरून आतलं दिसेल असा. अ‍ॅल्युमिनियम, सागवान आणि थोडं पितळ वापरलं आहे. नळीचं भोक काडतुसाच्या जागेपुरतंच आहे, पुढे नळी भरीव. यातून काहीही उडत नाही आणि उडवता येईल असा फेरफारही करता येत नाही. शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि छोटी संग्रहालयं यांच्यासाठी हा संच आम्ही बनवतो.

मॉडेल हातात आलं की प्रत्येकाचा हात आधी दांड्याकडे जातो. खट् उघडा, खट् बंद करा. खुशाल करा, आमचे कारागीरही चहाच्या सुट्टीत तेच करतात. पण एकदा मन भरलं की दांडा सोडा आणि नळी जिथे संपते नि झाकण जिथे सुरू होतं, तो सांधा बघा. सगळी गोष्ट तिथे आहे.

मागचं दार

ठासणीची बंदूक आपल्याकडे पुष्कळांनी पाहिलेली असते. रानडुकरांपासून पीक राखायला कोकणात परवान्यावर ती अजूनही ठेवतात. तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायचं. भरायला वेळ लागतो आणि उभं राहावं लागतं, हे तिचे दोष सगळे सांगतात. गुण मात्र कुणी सांगत नाही: तिचं बूड कायमचं बंद असतं. तिथे आट्यांची डाट घट्ट बसवलेली असते, त्यामुळे दारूचा जोर जायचा तो पुढेच.

बुडाकडून भरायचं म्हणजे त्या भिंतीला दार पाडायचं. दार आलं की फट आली. मग दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. मागे येणारा धक्का कोण झेलणार? आणि फटीतून निसटणारा तापलेला वायू कोण अडवणार? पहिला प्रश्न लोहारांनी फार लवकर सोडवला. दुसऱ्याने तीनशेच्या वर वर्षं खाल्ली.

पोर्तुगिजांच्या गलबतांवरच्या हलक्या तोफा बुडाकडूनच भरल्या जात. कान असलेल्या मोठ्या पेल्यासारखा लोखंडी कप्पा आधीच भरून ठेवायचा, तोफेच्या खाचेत बसवायचा आणि मागून पाचर ठोकायची. असे तीन-चार कप्पे तयार असले की बार मागोमाग सुटत. चीनमध्ये या तोफेला ‘फोलांगजी’ असं नाव पडलं. ते आपल्या ‘फिरंगी’ याच शब्दाचं चिनी रूप. पाचरीने धक्का झेलला, पण कप्पा आणि नळी यांच्या सांध्यातून धूर आणि जाळ बाहेर येतच राहिला. उघड्या डेकवरच्या तोफेत ते चालून जातं. गालाला टेकवून उडवायच्या बंदुकीत नाही.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याची १५३७ साल कोरलेली एक बंदूक तिथल्या शाही शस्त्रसंग्रहात आहे. तिचं झाकण बाजूच्या बिजागरीवर उघडतं आणि आत भरलेली लोखंडी नळकांडी बसते. संचातल्या स्नायडरशी ताडून पाहायला तिचं चित्र नक्की शोधा. मधे सव्वातीनशे वर्षं गेली आहेत यावर विश्वास बसत नाही.

फर्ग्युसन: आट्यांचं दार

कॅप्टन पॅट्रिक फर्ग्युसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १७७६ साली पेटंट घेतलं. कल्पना त्याच्या आधीची, इझाक द ला शोमेट या फ्रेंच माणसाची. फर्ग्युसनने ती सुधारली. नळीच्या बुडातून एक जाड स्क्रू उभा आरपार जातो. त्याचं खालचं टोक चापाच्या कडीला जोडलेलं आहे. कडी एक फेरा फिरवा: स्क्रू खाली उतरतो आणि नळीच्या पाठीवर भोक उघडतं. तिथून गोळी टाकायची, मागे दारू ओतायची, कडी उलटी फिरवायची. जास्तीची दारू स्क्रूच वर ढकलून देतो.

एकाच फेऱ्यात एवढा जाड स्क्रू उतरतो कसा, हा प्रश्न आयटीआयची मुलं लगेच विचारतात. उत्तर आट्यांत आहे. हे एकसरी आटे नाहीत, मल्टी-स्टार्ट आहेत: एकाच दांड्यावर शेजारी शेजारी अनेक आटे सुरू होतात, म्हणून एका फेऱ्यात बरंच अंतर कापलं जातं. आमच्या लेथवर सर्वांत जास्त माल याच स्क्रूने वाया घालवला. हाताने घासून ते जमवणाऱ्या अठराव्या शतकातल्या कारागिराला मनोमन हात जोडले.

इथे धक्का झेलायची सोय उत्तम आहे, कारण उभा स्क्रू धक्क्याच्या वाटेत आडवा येतो आणि आटे त्याला सगळीकडून धरतात. वायूही बराच अडतो, कारण त्याला आट्यांच्या वळणावळणातून वाट काढावी लागते. पण काळी दारू जळली की काजळी धरते, आणि आट्यांत काजळी साचली की कडी जड होते. मॉडेलमध्ये स्क्रूवर उभ्या खाचा दिसतील. काजळीला जागा मिळावी म्हणून त्या पाडलेल्या होत्या.

१ जून १७७६ रोजी इंग्लंडमधल्या वुलिचला पावसावाऱ्यात फर्ग्युसनने मिनिटाला चार बार काढून दाखवले, एका मिनिटात तर सहा. तरी सैन्यासाठी शंभरेकच बंदुका बनल्या. प्रत्येक स्क्रू त्याच्या स्वतःच्या नळीत जुळवावा लागे, एकाचा दुसऱ्याला चालत नसे. अशी वस्तू हजारांनी निघत नाही.

ड्रायझ: कडी आणि सुई

संचातलं हे आमचं लाडकं मॉडेल. थोडं विस्ताराने सांगतो.

प्रशियाच्या योहान निकोलाउस ड्रायझ याने दाराच्या कडीसारखी कडी बंदुकीला लावली. पुढे सरकवा, मूठ खाली पाडा, बसली. मुठीचा बुंधा लोखंडी खाचेला टेकतो आणि धक्का झेलतो. पुढे जगभरच्या सैन्यांनी वापरलेल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींची ही आजी.

खरी गंमत काडतुसात आहे. सोबतच्या लाकडी, चिरलेल्या काडतुसाकडे बघा. कागदाची पुंगळी, मागे दारू, पुढे अंड्याच्या आकाराची गोळी, आणि गोळीखाली कागदाच्या लगद्याची वाटी. ठिणगी पाडणारा मसाला त्या वाटीच्या बुडाला आहे, म्हणजे दारूच्याही पुढे! चाप ओढला की लांब सुई कागद फोडते, सगळ्या दारूतून आरपार जाते आणि मसाल्यावर टोचते. गोळी नळीपेक्षा बारीक असते. नळीच्या पिळाला, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, वाटी धरते आणि गोळीला गिरकी देते.

त्यामुळे बार उडताना सुई जळत्या दारूच्या पोटात असते. दर वेळी. ती जळायची, गंजायची, ठिसूळ होऊन मोडायची. शिपायाजवळ जादा सुया दिलेल्याच असत, आणि सुई तिथल्या तिथे बदलता यावी अशीच रचना होती. टिकत नसेल तर निदान पटकन बदलता यावं, हा विचार आम्हा कारखानदारांना चांगलाच कळतो.

आता सांधा. नळीचं मागचं टोक निमुळतं घासलेलं आहे आणि कडीचं तोंड आतून तसंच पोकळ. एकावर एक झाकणासारखं बसतं. इथे पॅकिंग असं काही नाही, लोखंडावर लोखंड. निसटलेला वायू चेहऱ्याकडे न येता पुढच्या दिशेने जावा एवढीच सोय त्या निमुळत्या आकाराने होते. बंदूक नवी असताना ठीक. सांधा झिजला, काजळी बसली, की झळ लागायची आणि शिपाई बंदूक गालापासून दूर धरू लागायचा. मग नेम कसला?

एवढे दोष असूनही ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाचे शिपाई आडवे पडून, गुडघ्यावर बसून भरत होते, तर ऑस्ट्रियाच्या शिपायांना लोरेन्झ ही ठासणीची रायफल घेऊन उभं राहावं लागत होतं. त्या लढाईला इतरही पुष्कळ कारणं आहेत. सगळं श्रेय सुईला देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पण त्या दिवसानंतर युरोपातल्या प्रत्येक सरकारने घाईघाईने आपापल्या बंदुकांची बुडं उघडायला घेतली, हे खरं.

शास्पो: कुकरची रिंग

फ्रान्सने त्याच वर्षी, १८६६ मध्ये, आंत्वान शास्पोची बंदूक स्वीकारली. कडी तीच, सुई आखूड, कारण मसाला काडतुसाच्या बुडाला आणला. आणि कडीच्या टोकाशी रबराची जाड चकती. आमच्या मॉडेलमधली काळी रिंग दाबून पाहा. बार उडाला की कडीचं पुढचं डोकं मागे रेटलं जातं, रबर चेपतं, चेपलं की बाजूंना फुगतं आणि फट भरून काढतं. आतला दाब जितका जास्त, तितकी रिंग घट्ट.

ज्यांच्या घरी आतून झाकण बसणारा प्रेशर कुकर आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. वाफच झाकण आवळते.

या बंदुकीची नेम धरायची मागची पट्टी १२०० मीटरपर्यंत खुणावलेली होती, ड्रायझची साधारण त्याच्या निम्म्याने. पण रबर ते रबर. तापून तापून कडक व्हायचं, तडकायचं. कुकरची रिंग वर्षाला बदलतो, तसंच.

स्नायडर: अडवणारं काडतूस

आता ज्या बंदुकीचा आपल्याशी थेट संबंध आहे ती. १८५३ सालची एन्फिल्ड रायफल म्हणजे जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ मध्ये भडका उडाला तीच. ते काडतूस दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. त्याच एन्फिल्डच्या नळीचं बूड सुमारे अडीच इंच कापून, तिथे नवा लोखंडी भाग आट्यांनी बसवून स्नायडर बनली. ही रचना जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची. ब्रिटनने ती १८६६ मध्ये स्वीकारली. लाखो जुन्या बंदुका भंगारात घालण्यापेक्षा हे स्वस्त. ठोकळा, म्हणजे इथलं झाकण, उजवीकडे उघडा, काडतूस आत सरकवा, बंद करा. दातांचं काम संपलं. नऊ वर्षं उशिराने.

ठोकळ्याची बिजागरी नाजूक दिसते, आणि ग्राहक हमखास विचारतात: धक्क्याने ती मोडत नाही का? बिजागरीवर धक्का येतच नाही. धक्का सरळ मागे येतो आणि ठोकळा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. बिजागरी फक्त दार उघडण्यापुरती.

काडतुसावर ठोका देणारी पिन तिरपी का आहे, हाही प्रश्न येतो. एन्फिल्डचा जुना घोडा, म्हणजे चाप ओढला की आपटणारी हातोडी, उजव्या अंगाला होता, तो तसाच ठेवला. पण काडतुसाची ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध. म्हणून घोड्याचा ठोका उजवीकडून मध्यावर पोचवायला पिन ठोकळ्यातून तिरपी जाते. आमच्या पहिल्या खेपेत आम्ही ती शहाणपणाने सरळ टाकली होती. घोडा हवेत पडायचा. ती मॉडेलं आजही कपाटात आहेत.

फट कशाने बंद झाली? झाकणाने नव्हे, काडतुसानेच. वुलिचच्या कर्नल बॉक्सर यांचं काडतूस पितळी पत्र्याच्या गुंडाळीचं, बुडाला लोखंडी चकती. दारू पेटली की पातळ पितळ फुगतं, चहूबाजूंनी नळीला चिकटतं आणि वायूला मागे यायला वाट उरत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आखडतं आणि पुंगळी सैल होते. दर बाराला नवं पॅकिंग, वापरून फेकायचं. त्यानंतर झाकणाने फक्त धक्का झेलला की पुरे, म्हणून १८६६ नंतर झाकणांच्या नाना तऱ्हा निघाल्या आणि बहुतेक सगळ्या चालल्या.

रिकामी पुंगळी काढायला ठोकळा उघडून मागे ओढायचा, ती अर्धी बाहेर येते, मग बंदूक उलटी करून पाडायची. हे मॉडेलवर करून बघाच. जरा ओशाळवाणंच वाटतं.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे स्नायडरच्याच काळातला. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची असं धोरण होतं. २७ जुलै १८८० च्या अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत इंग्रजांच्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, आणि बाजूलाच मुंबई सैन्याच्या ग्रेनेडियर्सकडे व जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर.

मार्टिनी-हेन्री

ब्रिटनने ही १८७१ मध्ये स्वीकारली. खालचा दांडा पुढे ढकला: ठोकळ्याचं तोंड खाली झुकतं, रिकामी पुंगळी मागे फेकली जाते, आतली पिन ताणली जाते. तिन्ही कामं एका झटक्यात. बाहेर घोडा नाही. मूळ कल्पना अमेरिकेच्या पीबॉडीची, आतली पिन स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, नळी एडिनबराच्या हेन्रीची. ठोकळ्याची मागची बाजू गोल आहे आणि तशाच गोल खोबणीत बसते. धक्का ती खोबणी घेते, पिव्हट पिन नाही. स्नायडरच्या बिजागरीचंच तत्त्व, जास्त नीटस.

दुखणं पुन्हा काडतुसाचंच. गुंडाळीच्या पत्र्याची पुंगळी तापलेल्या, धुळीने भरलेल्या नळीत चिकटून बसे. १८८५ मध्ये सुदानात त्याचा फार त्रास झाला. पुढे अखंड ओढीव पितळेची पुंगळी आली, आणि चौथ्या मार्कात, म्हणजे चौथ्या आवृत्तीत, जास्त जोर मिळावा म्हणून दांडा लांब केला.

हाताळणी

तेल घालू नका, सागवान काळवंडतं. कोरडं फडकं पुरे. शास्पोची रिंग दीड-दोन वर्षांत कडक होईल, कळवलंत की नवी पाठवू. फर्ग्युसनची कडी अडली तर जोर लावू नका. उलटी फिरवून पुन्हा सुरुवात करा.

आजोबांची खरी बंदूक माळ्यावर सापडली, ती ‘मॉडेल’ करून द्याल का, असे फोन येतात. नाही करत. शस्त्र अधिनियम १९५९ मधली जुन्या वस्तूंची सवलत दुरुस्ती करूनही उडणार नाही अशाच शस्त्राला लागू होते, आणि ते ठरवणं आमचं काम नाही. ती वस्तू आहे तिथे ठेवून आधी पोलीस ठाण्यात कळवा.

ड्रायझच्या पिशवीत दोन जादा सुया घातल्या आहेत. लागतील.